सात नंबरचा सडा

"हात भिंतीवर दाबून धर. दहापर्यंत मोज. आता काढ."

मी हात काढला. शाळेच्या व्हरांड्याची भिंत होती तशीच होती, पोपडे आलेली. मग केळवकर मॅडमनी कॅमेऱ्याचं तोंड भिंतीकडे वळवलं आणि टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये माझा पंजा उमटला. पिवळाधमक, पाची बोटांसकट. आम्ही बाराही जण टेबलावर तुटून पडलो. बघता बघता पंजा नारिंगी झाला, मग जांभळा झाला, आणि शेवटी भिंतीत विरून गेला.

"आईशप्पथ!" मागून कुणीतरी म्हणालं.

"तुझा हात गेला, पण त्याची ऊब भिंतीत राहिली," मॅडम म्हणाल्या. "ती डोळ्यांना दिसत नाही, ह्याला दिसते. कोणत्या किरणांमुळे?"

"अवरक्त," केतकी पावसकर म्हणाली. हात वर करायची तसदीसुद्धा तिनं घेतली नाही. पहिली ते आठवी वर्गात पहिला नंबर सोडला नव्हता म्हणे. वहीत एक खाडाखोड सापडणार नाही अशी ती मुलगी.

माझ्या तोंडातून पटकन गेलं, "त्यात रगताचं काय असतंय का?"

मग बारातले अकरा जण पोट धरून हसायला लागले. केतकी तर बाकावर आडवी झाली. "रगताचं! अगो बाई, रगताचं! आगलावी ना ही, हिला आग आणि रगत सोडून दुसरं सुचणार काय?"

आगलावे हे माझं आडनाव. आमच्या बार्शीकडं ते कुणाला जराही विनोदी वाटत नाही. पण बाबा वीज मंडळात वायरमन, त्यांची बदली झाली कोकणात, राजापूरच्या बाजूला साखरकोंडला, आणि तिथं पाऊल टाकल्यापासून मी आगलावी झाले. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची होती. पण सुट्टीत अहमदाबादेहून शास्त्रज्ञ येणार, उपग्रहाचं शिबिर होणार म्हटल्यावर मी बाबांच्या मागं लागून नाव घातलं होतं. गावात येऊन तेव्हा मला अठरा दिवस झाले होते, आणि त्या अठरा दिवसांत माझ्या बोलण्याचं इतकं हसं झालं होतं की मी घरातसुद्धा दबक्या आवाजात बोलायला लागले होते.

"हसताय काय? बरोबर विचारलंय तिनं," मॅडम म्हणाल्या. "रक्त म्हणजे लाल. लाल रंगाच्या खालचे, आपल्याला न दिसणारे किरण, म्हणून अवरक्त." त्या माझ्याकडे बघून छान हसल्या. पण माझे कान तापले ते तापलेच. आता ह्या शिबिरात तोंड म्हणून उघडायचं नाही, अशी मी स्वतःला तंबी दिली. ती तंबी मला फार महागात पडायची होती.

शाळेतल्या शेट्ये सरांचा चष्मा त्या कॅमेऱ्यात काळाकुट्ट गॉगल दिसला, कारण ऊब काचेतून आरपार येत नाही. सर स्वतःच इतके खूश झाले की चारदा चष्मा काढून घालून पाहिला. मग मॅडमनी लॅपटॉपवर दुसरं चित्र लावलं. सातशे किलोमीटर वरून घेतलेलं, मागच्या मे महिन्यातलं. सगळा लालभडक पट्टा, आणि त्यात एका जागी जांभळा डाग.

"हे तुमच्या गावावरचं पठार. भर उन्हात सगळं तापलंय, एवढी जागा सोडून. का?"

ह्या वेळी केतकीसुद्धा वही चाळायला लागली.

"खाली ओल असू शकते. असू शकते म्हणतेय मी, आहे म्हणत नाही. आणि उपग्रहाची एक अडचण आहे. शंभर मीटरचा चौकोन हा त्याच्यासाठी एकच ठिपका. त्यात नेमकी कुठली जागा गार, ते त्याला सांगता येत नाही. ते तुम्ही सांगायचं. उद्या दहा बत्तीसला तो डोक्यावरून जाणार. त्याच मिनिटाला तुम्ही बारा जणांनी बारा ठिकाणी जमिनीचं तापमान मोजायचं."

तेवढ्यात दारातून आवाज आला, "मंग आमची हीर कुठं मारायची ता तुम्ही सांगणार तर?"

ते सरपंच, मांडवकर तात्या. गावाला एक विहीर मंजूर झाली होती. एकच. ती चुकीच्या जागी खणली तर दुसरी मिळणार नव्हती, आणि आधीच्या दोन कोरड्या निघालेल्या. माझी आई तेव्हा दोन हंड्यांसाठी वहाळ म्हणतात त्या खालच्या ओढ्यापर्यंत जात होती, त्यामुळे विहीर ह्या शब्दाचं वजन मला चांगलंच ठाऊक होतं.

मॅडमनी प्रत्येकाला एक यंत्र दिलं. पिस्तुलासारखं दिसणारं, घोडा दाबला की समोरच्या जागेचं तापमान पडद्यावर. आम्ही त्याची 'बंदूक' करून टाकली आणि अर्धा तास एकमेकांच्या नाकांची, कानांची आणि शिपायाच्या चहाची तापमानं मोजली. मी इतकी हरखले होते की माझी तंबी मीच विसरायला आले होते.

निघताना मॅडम म्हणाल्या, "प्रत्येकानं आपली जागा आधी नीट स्वच्छ करून घ्या. पालापाचोळा, खडे काही नको."

आणि शेट्ये सर वहीत बघत नंबर वाचायला लागले. "केतकी, अकरा. मंगेश, चार. आगलावे, तुला सड्यावर सात नंबर. सगळ्यांनी आठला सड्यावर हजर. सडा विसरू नका, खालीच थांबाल नाहीतर!"

आता बार्शीकडच्या कुठल्याही पोरीला विचारा, जागा स्वच्छ करून सडा म्हणजे काय. पहाटे उठायचं, अंगण झाडायचं, शेणकाल्याचा सडा टाकायचा. पाहुणे येणार असले तर जरा सढळ हातानं टाकायचा. इथं तर वरून उपग्रह येणार होता. आमच्या गावात आमदार आले तेव्हा सगळ्या आळीत सडा टाकला होता, त्यामुळे मला ह्यात काही वावगं वाटलं नाही. फक्त एक शंका आली, सडा शेणाचा की नुसत्या पाण्याचा? विचारायला तोंड उघडलं, तर केतकी माझ्याकडेच बघत होती. मिटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खराटा आणि भरलेली कळशी घेऊन निघाले. शेण मिळालं नाही.

चढण उभी होती. बाकीच्यांकडे टोप्या, बाटल्या, वह्या. मी कळशी कधी डाव्या कमरेवर, कधी उजव्या. मंगेश म्हणाला, "काय गो, धुणी धुवायला चाललीस?" पण शेट्ये सर म्हणाले, "बघा, ह्याला म्हणतात शहाणपण. एवढ्या उन्हात सगळ्यांना पाणी पुरायला नको?" माझी मान जरा वर झाली. सरांना वाटलं पाणी प्यायला, आणि मला वाटलं सरांनी सड्याचंच कौतुक केलं.

वर पोचलो आणि मी बघतच राहिले. डोंगराचा माथा कुणीतरी सुरीनं कापून काढल्यासारखा सपाट. काळपट लाल दगड, नजर जाईल तिथवर. मधे मधे करवंदीच्या जाळ्या. चपलेतून चटका लागत होता. पोरं त्याला नुसतं 'कातळ' म्हणत होती आणि मॅडम 'पठार'. मॅडमनी एका कुंभ्याच्या झाडाखाली टेबल मांडलं होतं. साठ-साठ पावलांवर चुन्यानं नंबर घातले होते.

सात नंबर करवंदीच्या जाळीमागं होता. मी खराट्यानं जागा झाडली. अशी लख्ख झाडली की आईनं पाहिलं असतं तर खूश झाली असती. सव्वादहा वाजले तसं ओंजळी भरभरून पाणी शिंपडलं आणि उरलं तेही ओतून टाकलं. दगडानं ते घटाघटा पिऊन घेतलं. पाच-दहा मिनिटांत वरून सुकल्यासारखंही दिसायला लागलं. मी बंदूक धरून, श्वास रोखून उभी राहिले.

दहा बत्तीसला शिट्टी वाजली.

घोडा दाबला. एकतीस पूर्णांक दोन. चिठ्ठीवर लिहिलं. मग मान वर करून आकाशाकडे बघितलं. दिसलं काहीच नाही, पण वर कुणीतरी आहे, आत्ता ह्या क्षणी माझ्याकडे बघतंय, ह्या विचारानं अंगावर काटा आला. मी हात हलवला. शप्पथ, उपग्रहाला हात हलवला. लांबून बघितलं तर मंगेशही हलवत होता.

मग सगळे पळत झाडाखाली. मॅडम एकेक चिठ्ठी वाचत आलेख कागदावर रंग भरायला लागल्या. शेहेचाळीस, लाल. सत्तेचाळीस, लाल. साडेपंचेचाळीस, लाल. केतकीची चिठ्ठी, शेहेचाळीस पूर्णांक एक, लाल. त्यांचा चेहरा उतरत चालला होता. मग माझी चिठ्ठी त्यांनी उघडली, आणि एकदम उभ्या राहिल्या.

"सात नंबर कोण?"

"मी."

"एकतीस? नक्की एकतीस?"

"व्हय," म्हणाले मी. कुणी हसलं नाही.

"शेट्ये, बघा हे! पंधरा अंशांचा फरक! एवढ्याशा अंतरात!" त्यांनी निळी पेन्सिल उचलली आणि सात नंबरचा चौकोन असा गच्च भरला की पेन्सिलीचं टोक मोडलं. अहमदाबादच्या एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञ बाई, पण तेव्हा अगदी आमच्या वयाच्या दिसत होत्या. पोरांनी एकच गिल्ला केला. मंगेशनं माझी पाठ थोपटली. "आगलावीच्या पायाखाली पाणी!" म्हणून सगळे नाचायला लागले, आणि अठरा दिवसांत पहिल्यांदाच ते नाव माझ्या कानांना गोड लागलं. मीही नाचले. सगळ्यांपेक्षा उंच उड्या मारल्या.

तात्या चढण चढून आले होते. त्यांच्या पिशवीत नारळ होता, ते तयारीनंच आले होते. "सात नंबर ना? पोरांनु, चला! आजच नारळ वाढवून टाकू. उद्या तालुक्याला कागद धाडतो."

"तात्या, थांबा जरा. पुन्हा मोजायला हवं," मॅडम म्हणाल्या.

"मोजा की! नारळानं काय बिघडतंय?" तात्यांनी पिशवीतून नारळ बाहेर काढला. "बाई, ह्या आख्ख्या सड्यावर माझा बाप पाणी शोधीत फिरला. आख्खा सडा पालथा घातलान. नाय गावला."

मी उडी मारायची थांबले.

शेजारी केतकी उभी होती. बाकी सगळे नाचत असताना ती एकटी गप्प उभी होती, पण ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मी तिची बाही ओढली. "केतकी, सडा म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? हा." तिनं पायानं दगडावर ठोकलं. "आपण उभ्या आहोत तो. सडा."

तात्या निघाले होते, त्यांच्यामागं पोरं. मी गप्प बसले असते तर कदाचित निभावलं असतं. दगड वरून सुकला होता, पण आत पाणी मुरलेलं, म्हणजे दुसऱ्यांदा मोजलं तरी तो इतरांपेक्षा थोडा गार लागलाच असता. अठरा दिवसांनी मिळालेली पाठीवरची थाप माझ्याकडेच राहिली असती. हे सगळं मला त्या वयातही अगदी स्वच्छ कळत होतं, आणि मला ती थाप हवी होती. फार हवी होती.

पण आईचे ते दोन हंडे डोळ्यांसमोरून हलेनात.

"तात्या!" मी ओरडले. "नारळ फोडू नगा! तितं पाणी न्हाई! पाणी म्या वतलंय!"

सगळे वळले.

"सर म्हणले सडा विसरू नका. म्हणून म्या सडा टाकला. आमच्यात सडा म्हंजी... झाडून पाणी शिंपडत्यात त्यो. मला ठावं न्हवतं ह्यो डोंगूर सडा हाय म्हणून." एवढं बोलेपर्यंत मला रडू फुटलं. बोली झाकायचंही भान राहिलं नाही.

मी हसण्याची वाट बघत होते. शेट्ये सरांनी कपाळावर हात मारला, "अरे देवा, ती कळशी!" आणि त्यांना हसू आवरेना. पण मॅडम हसल्या नाहीत. त्या आलेख कागदाकडे बघत होत्या. निळा चौकोन गेला म्हणजे सगळा कागद लाल. तात्यांनी नारळ पुन्हा पिशवीत टाकला. तो आवाज मला आजही आठवतो.

"म्हंजे नाहीच का पाणी?" ते म्हणाले.

मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सांगितलंस ते बरं केलंस, बाळा. पण मग तो डाग कुठे गेला? मागच्या वर्षी वरून दिसला तो खोटा नव्हता. बारातला एक तरी आकडा गार यायलाच हवा होता."

वारा सुटला होता, कागद उडू नये म्हणून सरांनी त्यावर माझी रिकामी कळशी ठेवली.

"मॅडम."

केतकी होती. पांढरीफटक पडली होती.

"माझं पण चुकलंय. म्हणजे... चुकलं नव्हतं, मी चुकवलं." तिनं खिशातून दुसरी चिठ्ठी काढली, चुरगळलेली. "मला आधी चौतीस पूर्णांक सहा आलं. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. दहा नंबरच्या सुहासला ओरडून विचारलं तर त्याचं शेहेचाळीस. मग मी नवी चिठ्ठी घेतली आणि..." तिनं चिठ्ठी पुढं केली. "सगळ्यांचं लाल आणि माझं एकटीचंच वेगळं कसं असेल?"

मॅडमनी ती चुरगळलेली चिठ्ठी उलगडली. मग एवढ्या जोरात "अकरा!" ओरडल्या की कुंभ्यावरचे पक्षी उडाले. "अकरा नंबर! चला, सगळ्यांनी बंदुका घ्या!"

आणि आम्ही धावलो. मॅडम चपला हातात घेऊन, सर चष्मा सावरत, तात्या धोतर वर खोचून. अकरा नंबर म्हणजे किंचित खोलगट जागा, वाळकं गवत, बघून काही वाटणार नाही अशी. बारा बंदुका एकाच वेळी रोखल्या गेल्या.

"छत्तीस!"

"पस्तीस पूर्णांक नऊ!"

"सर, बाहेर एकोणपन्नास आहे, एकोणपन्नास! आत छत्तीस!"

मंगेश खोलगटाच्या आत-बाहेर उड्या मारून मोजत होता, "गार, गरम, गार, गरम," असं ओरडत. सगळे एकदम बोलत होते आणि कुणीच ऐकत नव्हतं. मॅडम बारा बाजूंनी बारा आकडे लिहून घेत होत्या आणि हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. माझं रडू कुठल्या कुठे पळालं होतं. तात्यांनी पिशवीतून नारळ काढला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि हात वर नेला.

"तात्या, नको!" मी जीव तोडून किंचाळले. "आधी मोजून होऊ द्या! वलं करू नगा!"

तात्यांचा हात तसाच वर राहिला. क्षणभरानं पहिल्यांदा केतकी हसली, मग मी, मग आख्खा सडा हसायला लागला.

पावसाआधी खणायला सुरुवात झाली. मॅडमनी अहमदाबादेहून त्या दिवसाचं चित्र पाठवलं, त्यात जांभळा डाग होता तिथंच होता. एकवीस फुटांवर ओल लागली, सव्वीसवर झरा. तोवर शाळा सुरू झाली होती. केतकीचा पहिला नंबर गेला नाही, पण तिच्या वहीत खाडाखोड दिसायला लागली. कुठलाही आकडा ती खोडायची तर अशी एकाच बारीक रेघेनं, खालचं वाचता येईल अशी. सर तिला रागवायचे. ती ऐकायची नाही.

पुढच्या मे महिन्यात बाबांची पुन्हा बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी केतकी मला ओढत वर घेऊन गेली. विहिरीला कठडा बांधून झाला होता. पाच-सहा बायका पाणी भरत होत्या, त्यात माझी आईही. कठड्यावर हिरव्या ऑइलपेंटनं, केतकीच्या त्या सुंदर वळणदार अक्षरात, एकच शब्द लिहिला होता. आगलावी.

"हे काय गं?" मी म्हणाले. "जागा तुझी. आकडा तुझा."

"तात्यांनी मला विचारलं काय लिहायचं. मी सांगितलं. आता सगळा गाव आगलावीवर पाण्याला जातो." ती दुसरीकडेच बघत बोलत होती. "तू त्या दिवशी गप्प राहिली असतीस ना, तर मी पण गप्प राहिले असते गो. मला ठाऊक आहे."

ह्याला सोळा वर्षं झाली. केतकी आता अहमदाबादला मॅडमच्याच जागी काम करते आणि मी बार्शीला मुलांना विज्ञान शिकवते, माझ्याच बोलीत. दर मे महिन्यात ती मला वरून काढलेलं साखरकोंडचं चित्र पाठवते, लाल पट्टा आणि त्यात जांभळा ठिपका. खाली काही लिहीत नाही.

पण त्या सकाळी विहिरीवर मी त्या हिरव्या अक्षरांवरून नुसतं बोट फिरवत राहिले. तिनं विहिरीत दोर सोडला, काठोकाठ भरलेली बादली वर ओढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"घे आगलावे," ती म्हणाली. "टाक आता सडा."

मी ओंजळ भरून घेतली. पाणी इतकं गार होतं की हाताला कळ आली. आईनं हंडा खाली ठेवला, बायका बाजूला झाल्या, आणि मी त्या तापलेल्या सड्यावर सढळ हातानं सडा टाकला.